भोक नंबर ४ : रोही-कॅमेरा प्रकल्पाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, सॅन अँटोनियो

दसरा. आपट्याची पानं इथे कुठून आणणार, सोल्डरिंग आयर्नला हळदकुंकू वाहिलं आणि पहिला बोर्ड जोडायला घेतला. प्रकल्प नेमका काय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच आठवणार नाही कुठली गोष्ट का केली.

ऑफिसातल्या एकाने (पुढे त्याला लीजवाला म्हणतो) आणखी चौघांना धरून दक्षिण टेक्सासात ब्रूक्स काउंटीत एका रँचवर शिकारीची लीज घेतलीय. टेक्सासमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर जमीन खासगी आहे, त्यामुळे सरकारी जंगलात जाऊन शिकार वगैरे फारसं नाही, मालकाला सिझनचे पैसे मोजायचे, गेटचा कोड घ्यायचा, झालं. या मंडळींना पाहिजे नीलगाय. म्हणजे आपली रोही. आमच्या वाशीमकडे तूर-हरभऱ्याचं वाटोळं करते तीच. १९३० च्या आसपास सॅन डिएगोच्या झूमधून काही जनावरं इकडच्या किंग रँचवर आणून सोडली आणि त्यांना हे रान इतकं मानवलं की आता पार मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत पसरलीत. हरणाला इथे सिझन असतो, टॅग असतात, रोहीला काही नाही, बाहेरून आणलेलं जनावर म्हणून बारा महिने मोकळीक, फक्त लायसन्स पाहिजे आणि मालकाची परवानगी. हे लोक तिला 'निल्गाय' म्हणतात, त्यातल्या 'गाय'चा अर्थ यांच्या भाषेत गडी माणूस असा होतो, त्यावर ऑफिसात एकदा हसून झालंय.

रोहीची खोड अशी की कुंपण दिसलं की उडी मारण्यापेक्षा तारेच्या जाळीखालून घुसायचं. एकीने जाळी उचकटली की मग तेच भोक सगळ्यांचं, रानडुकरं, कोल्हे, सगळे तिथूनच. लीजवाल्याला हवंय की कुठल्या भोकातून, किती वाजता, कुठल्या दिशेला. ट्रेल कॅमेरे बाजारात ढिगाने मिळतात पण ते दिशा सांगत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला स्वतः बनवायची खाज. दोन पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपणारे), आधी कुठला पेटला त्यावरून उत्तर की दक्षिण. ईएसपी३२ बोर्ड, आयआर फिल्टर काढलेला कॅमेरा, ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड एलईडी, मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवायला एलटीई मॉडेम, १८६५० मापाच्या चार सेल, वर छोटं सोलर पॅनल. असे पाच नग.

१३ ऑक्टोबर, रविवार, रँचवर

पहाटे चारला निघालो, अ‍ॅलिस मागे टाकलं, फॅलफ्युरियस मागे टाकलं, २८१ नंबरच्या हायवेवर बॉर्डर पेट्रोलचा, म्हणजे सीमा पोलिसांचा चेकपॉइंट लागतो पण तो उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी, आपण दक्षिणेला चाललेलो म्हणून कोणी विचारलं नाही. मेक्सिकोच्या हद्दीवरच्या रिओ ग्रांदे नदीपासून हे ठिकाण सत्तरेक मैल आत आहे. तरी इथे बॉर्डर म्हणतात ती हीच. नदी ओलांडून गाडीतून आलेल्यांना चेकपॉइंटच्या आधी रस्त्यात उतरवतात आणि मग ती माणसं रँचांमधून रात्री चालत चेकपॉइंटला वळसा घालून वर जातात. आपल्या रँचचं गेट चेकपॉइंटच्या दक्षिणेला. म्हणजे वळसा आपल्यातूनच.

गेटमधून आत शिरलो आणि पोटात कसंतरी झालं, भीतीने नाही, ओळखीने. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, मूळ याच मुलुखातली. खाली निवडुंग, तोही इथूनच तिकडे गेलेला. आणि मधोमध रोहीच्या लेंड्यांचा ढीग, त्या एकाच जागी येऊन टाकतात, आमच्या बांधावर अगदी असाच असतो. फरक जमिनीचा. आमच्याकडे काळी, इथे नुसती वाळू, पाय घोट्यापर्यंत जातो.

रँचवरच्या मुख्य गड्याला सगळे कपोराल म्हणतात, सत्तरी ओलांडलेला माणूस, इंग्रजी मोजकं, स्पॅनिश भरपूर. त्याने पाचही भोकं दाखवली. वाटेत कुंपणाच्या बाजूचा रस्ता बघितला तर वाळू अशी गुळगुळीत की शेणाने सारवल्यासारखी. म्हटलं हे काय. तर बॉर्डर पेट्रोलवाले गाडीमागे साखळीने मोठे टायर बांधून ओढतात, संध्याकाळी सारवायचं आणि सकाळी येऊन पावलं वाचायची. चालणारेही हुशार, बुटांवर गालिच्याच्या तुकड्याच्या चपला शिवून घालतात म्हणजे ठसा उठत नाही. कपोरालने तसली एक जोडी ट्रकमधून काढून दाखवली, सुतळीने शिवलेली, आतून अंगठ्याच्या जागी घासून पातळ झालेली.

भोक १ ते ५ ला कॅमेरे बसवले. दुपारी दोनपर्यंत शर्ट तीनदा पिळला.

रात्री बाबांचा फोन. "अबे बापू, इकडं त्या रोह्याईनं सोयाबीन खाल्लं, आता हरभरा पेरला तं थ्याच्यातही घुसून राहिल्या, अन् तू तिकडं त्याईचे फोटो काढून राहिला?" मी म्हटलं बाबा, इकडे लोक पैसे देऊन मारायला येतात. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग, "कित्ती पैशे?"

१९ ऑक्टोबर

खोटे ट्रिगर. नंबर २ ने एका दिवसात ४१३ फोटो काढले, सगळे गवताचे. दुपारी वाळू तापते, गरम वारा सुटतो आणि पीआयआरला वाटतं कोणी आलं. दुपारी अकरा ते पाच सेन्सिटिव्हिटी अर्धी केली. मॉडेम जागा झाला की बॅटरी गटागटा पितो, प्रत्येक फोटोला उठवणं परवडत नाही, म्हणून आता फोटो कार्डावर साठवायचे आणि दिवसातून दोनदाच पाठवायचे, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. हा निर्णय माझा, कारण बॅटरी, तारीख १९ ऑक्टोबर. लिहून ठेवलंय.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सहाच्या गठ्ठ्यात भोक नंबर ४, वेळ ०२:१७, दिशा उत्तर. सात माणसं.

पहिला माणूस जाळी वर धरून उभा, बाकीचे खालून वाकून येतायत, एकीच्या पाठीवर काळी पिशवी, एकाच्या हातात इलेक्ट्रोलिटची (क्षारपाण्याची) बाटली. पाचवा फोटो असा की सातही जण कॅमेऱ्याकडे बघतायत. सरळ. ८५० नॅनोमीटरच्या एलईडी पेटल्या की अंधारात बारीक लालसर दिसतात, विडीच्या टोकासारख्या, तेवढंच त्यांना दिसलं असणार. सहाव्या फोटोत कोणी नाही, फक्त जाळी हलल्यामुळे धूसर आलीय.

मी चहा पीत स्वयंपाकघरात उभा होतो. सात चेहरे, इन्फ्रारेडमध्ये डोळे पांढरे येतात. कप ठेवला आणि लॅपटॉप बंद केला, का ते माहीत नाही, कोणी बघत नव्हतं.

२६ ऑक्टोबर

लीजवाल्यांची मीटिंग, म्हणजे बार्बेक्यू. माणसांच्या फोटोंचं काय करायचं? एक म्हणाला ताबडतोब बॉर्डर पेट्रोलला. दुसरा म्हणाला डिलीट कर, आपण डुकरं मारायला येतो. लीजवाला म्हणाला मालकाच्या फोरमनला पाठव, जमीन त्यांची, ते ठरवतील. मला कोणी विचारलं नाही, एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला या विषयावर कोण विचारणार. ठरलं ते लीजवाल्याचं.

कपोरालला वेगळं विचारलं. तो कुंपणाच्या एका कोपऱ्याकडे घेऊन गेला, तिथे कुंपणावरून चढून पलीकडे उतरायला लाकडी शिडी. कोणी लावली? रँचनेच. माणसं थांबत नाहीत, तार कापतात, तार कापली की गुरं हायवेवर जातात, त्यापेक्षा शिडी स्वस्त. मग म्हणाला, पण रात्री शिडी सापडत नाही, भोक सापडतं, कारण भोकापाशी जनावरांची वाट असते. माणूस रानात हरवला की जनावराची वाट धरतो.

गोचिडाचंही त्याच्याकडूनच कळलं. गुरांना ताप आणणारी गोचीड, १९०६ पासून सरकार तिच्या मागे आहे, १९४३ पर्यंत जवळजवळ देशाबाहेर काढली, फक्त नदीकाठची एक पट्टी कायमची क्वारंटाइनमध्ये. तिथे आजही घोड्यावर बसून गस्त घालणारी सरकारी माणसं आहेत, टिक रायडर, मेक्सिकोतून भटकलेलं जनावर दिसलं की पकडायचं. गुरं पकडून औषधात बुडवता येतात, रोहीला कोण बुडवणार, ती गोचीड घेऊन कुंपणाखालून फिरते. म्हणून सगळ्यांचं लक्ष या भोकांवर.

३ नोव्हेंबर, रविवार

कालपासून हरणाचा सिझन सुरू. लीजवाल्याने आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला, मी फराळाचा डबा नेला होता, चकली सगळ्यांना आवडली, अनारशांना कोणी हात लावला नाही.

घड्याळाचा घोळ : रात्री दोनला डेलाइट सेव्हिंग संपलं, घड्याळं तासभर मागे गेली, मॉडेम टॉवरकडून वेळ घेतो, त्यामुळे एक ते दोन हा तास कार्डावर दोनदा आला आणि एका रोहीने दोन मिनिटांचं अंतर उलटं कापल्यासारखं दिसतंय. सगळं यूटीसीत, म्हणजे न बदलणाऱ्या जागतिक वेळेत साठवायचं, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

लायसन्सही काढून घेतलं, रहिवाशाचं २५ डॉलरचं, ऑनलाइन हंटर एज्युकेशन करून. मला गोळी झाडायची नाही, पण इथला केंद्राचा कायदा असा की माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्याने बंदूक नुसती हातात धरली तरी गुन्हा, चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट. कोणी चुकून 'जरा धर रे' म्हटलं आणि मी धरली तर? असल्या गोष्टीसाठी पुढे मिळू शकणारं ग्रीन कार्ड घालवायचं नाही.

९ नोव्हेंबर

एलईडी बदलल्या. कारण रोही. गेल्या दोन आठवड्यांत नंबर ४ आणि ५ ला एकूण २२ वेळा रोही भोकापर्यंत आली आणि एलईडी पेटल्यावर परत फिरली, विशेषतः मोठे नर. लीजवाला म्हणाला तुझा लाल दिवा माझी शिकार पळवतोय. बरोबरच आहे त्याचं. ९४० नॅनोमीटरच्या लावल्या, त्या डोळ्याला अजिबात दिसत नाहीत, जनावराच्याही आणि माणसाच्याही. तोटा असा की सेन्सरलाही ९४० कमीच दिसतं, फोटो काळपट येतात, उजेड निम्म्या अंतरापर्यंत पोचतो. भोक चार फुटांवर आहे, चालतंय.

अंधारात कॅमेऱ्यासमोर स्वतः उभा राहून टेस्ट घेतली. काहीच दिसलं नाही, क्लिकही नाही. फोटोत मी खांदे पाडून, तोंड अर्धवट उघडं, असा उभा. कोणी बघत नाही असं वाटलं की माणूस असा दिसतो.

१७ नोव्हेंबर

एका आठवड्यात पाच भोकांवर मिळून रोहीच्या ६१ नोंदी, परत फिरलेली फक्त एक. लीजवाले खूश, मला बिअर.

माणसांच्या नोंदी : ३. कॅमेऱ्याकडे बघणारं कोणी नाही. १५ तारखेला त्रिपुरी पौर्णिमा होती, चांदण्यात फोटो जरा बरे आलेत. नंबर ४, रात्री ११:४०, दिशा उत्तर, एकटी व्यक्ती. बाई की मुलगा सांगता येत नाही, हुडी घातलेली, छातीवर मोठं कार्टून, अंगापेक्षा दोन मापं मोठी. भोकातून आल्यावर ती तिथेच बसलीय. नऊ फोटो, म्हणजे जवळजवळ चौदा मिनिटं. पायातलं काढून तळवा बघतेय. बाकीचे पुढे गेले असावेत, पाय दुखावलेल्यासाठी कोणी थांबत नाही असं कपोराल म्हणतो.

१७ तारखेला पहाटे ०४:०५, नंबर ४, दिशा दक्षिण. तीच हुडी.

दिशा ओळखणारा कॅमेरा बनवल्याचा उपयोग हा. उत्तरेला गेलेलं माणूस अठ्ठावीस तासांनी उलटं का आलं? फोरमनला दोन्ही पाठवले, 'ही व्यक्ती हरवलीय बहुतेक' असं लिहून. अंगठा आला.

३० नोव्हेंबर, शनिवार

हे झोपायच्या आधी लिहितोय, म्हणजे सकाळचे अकरा वाजलेत.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी, काल शुक्रवारी सगळे रँचवर. सकाळी रोहीचा नर लीजवाल्याच्या गोळीने लागला पण पडला नाही. रोहीचं कातडं मानेशी इतकं जाड की रक्त बाहेर फारसं येत नाही, माग काढायला थेंब सापडत नाहीत, बंदूक तीनशे विनमॅगसारखी दणकट असली तरी जनावर अर्धा मैल जातं. चार तास शोधला. मेस्कीटमध्ये शर्ट फाटला, एक रॅटलस्नेक लांबूनच वाजला. नर सापडला पण दुसऱ्या बाजूच्या कुंपणाला टेकून बसलेला, तिथे संपवला. ही गोष्ट एवढ्यासाठी लिहिली की दिवसभर आम्ही खाली मान घालून वाळूच वाचत होतो आणि एका ठिकाणी मला गालिच्याच्या चपलेचा नुसता पुसट, खरवडल्यासारखा ठसा दिसला. एकाच पायाचा. दुसऱ्या पायाच्या जागी अनवाणी बोटं. मी लीजवाल्याला दाखवला, तो म्हणाला जुना असेल. वाळूत जुनं काय टिकतं?

रात्री डुकरं. रानडुकराला इथे रात्री मारायला बंदी नाही, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की लायसन्ससुद्धा लागत नाही, २०१९ पासून. अमावास्या तोंडावर, मिट्ट काळोख. फीडरपासून १४० यार्डांवर लाकडी खोक्यात आम्ही दोघे, मी आणि लीजवाला. फीडर म्हणजे तिपाईवरचं पिंप, टायमरवर संध्याकाळी मका उधळतं. रोही मक्याला येत नाही, डुकरं येतात. बाहेर रातव्यासारखा एक पक्षी एकच शीळ परत परत घालत होता, त्याचे डोळे आल्यावेळी गाडीच्या दिव्यात लाल चमकले होते.

बाबा तुरीच्या मचाणावर असेच बसायचे, हातात फटाके, बांधाला आईच्या जुन्या साड्या. मी त्यांच्याशेजारी झोपायचो. त्या मचाणावर मला कधी भीती वाटली नाही हे काल आठवलं.

साधारण १०:४० ला लीजवाल्याने थर्मल स्कोपमधून (बंदुकीवरची, उष्णता पांढरी दाखवणारी दुर्बीण) बघितलं आणि कुजबुजला, एकटंच आहे, मध्यम. स्कोपचं चित्र त्याच्या फोनवर मलाही दिसत होतं. काळ्या रानात पांढरा गोळा, फीडरखाली, पुढचे पाय टेकून, मान खाली, मका खातंय. डुक्कर असंच दिसतं. शंभर वेळा बघितलंय आम्ही. सेफ्टी सरकल्याचा आवाज आला, तो फार बारीक असतो, टिकली दाबल्यासारखा.

गोळा थांबला. पुढचा एक पाय वर उचलला आणि तोंडाशी नेला.

मी म्हणालो थांब. की म्हणालोच नाही, हात त्याच्या मनगटावर पडला एवढं नक्की. आणि डुक्कर उभं राहिलं.

पांढरं, दोन पायांवर, चेहऱ्याच्या जागी सगळ्यात उजळ. एक पाय दुसऱ्यापेक्षा गडद, म्हणजे थंड. ते आमच्याकडे बघत होतं असं वाटलं, पण त्याला काय दिसणार, काळोख. लीजवाल्याने रायफल अशी खाली ठेवली जशी ती भाजतेय. मग त्याने मोठ्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडलं, त्याला येतं थोडं, पाणी, पाणी देतो, पोलीस नाही. तो पांढरा आकार मेस्कीटमध्ये शिरला, फांद्यांमागे तुकडे तुकडे होत गेला आणि स्कोपच्या कडेबाहेर.

९११ ला फोन केला. लोकेशन देता आलं, कारण फीडरचे आकडे माझ्याकडे होते. शेरिफकडचा माणूस आला, बॉर्डर पेट्रोलचे दोघे आले, त्यांनी टॉर्च जमिनीला जवळजवळ समांतर धरून माग काढला, तशी सावली पडते आणि ठसा उठतो. पहाटे चारपर्यंत. गालिच्याची एक चपल मिळाली. फीडरखाली मक्याचे दाणे होते, काही चावून थुंकलेले. आम्ही एक कॅन पाणी आणि उरलेली टर्की फीडरखाली ठेवून आलो, टर्की कोल्ह्याने खाल्ली असणार.

सकाळी सहाला गठ्ठा आला. भोक नंबर ४, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ०७:५२, दिशा उत्तर. हुडी, छातीवर कार्टून.

फोटो आठच्या आधीच कार्डावर होता. आम्ही नऊला खोक्यात चढलो. भोक तिथून सहाशे यार्ड. मॉडेम उठवला असता तर बॅटरी दोन टक्के गेली असती.

१ डिसेंबर, रविवार

नीट झोप नाही. परत येताना फॅलफ्युरियसजवळ लीजवाल्याने गाडी वळवली, म्हणाला तुला एक जागा दाखवतो. डॉन पेद्रितो हारामिल्योची समाधी. मेक्सिकोतून १८८१ ला इथे आलेला वैदू, नुसतं पाणी प्यायला, अंघोळ करायला सांगून लोकांना बरं करायचा म्हणतात, १९०७ ला गेला. आपल्या गजानन महाराजांच्याच काळातला. आत शेगावसारखंच, मेणबत्त्या, नवसाच्या चिठ्ठ्या, भिंतीभर फोटो. बरे झालेल्यांचे असतील, परत न आलेल्यांचेही असतील. मी हुडी शोधत होतो हे मला नंतर कळलं.

लीजवाला इकडचाच वाढलेला, बाहेर येऊन एकदम बोलायला लागला. २०१२ साली या एका काउंटीत १२९ मृतदेह सापडले. काउंटीची वस्ती सात हजाराच्या आसपास. इथे मेडिकल एक्झामिनर नाही, टेक्सासच्या लहान काउंट्यांत मृत्यूची नोंद जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे खालच्या कोर्टाचा न्यायाधीश करतो, आणि बेनाव देह गावच्या स्मशानात पुरले जायचे. २०१३ पासून उकरून काढायला सुरुवात झाली, टेक्सास स्टेट विद्यापीठातले लोक हाडांवरून, कपड्यांवरून नावं शोधतात. त्याच वर्षी गावात एक संस्था सुरू झाली, साउथ टेक्सास ह्यूमन राइट्स सेंटर, ते कुंपणाकडेला निळी पिंपं ठेवतात, वर उंच झेंडा, अंगावर 'आग्वा'. सगळेच रँचवाले ठेवू देत नाहीत.

हे सगळं त्याला माहीत होतं. सप्टेंबरात लीजचे पैसे भरतानाही माहीत होतं. मी काही बोललो नाही, माझ्याकडे हुडीचे चौदा दिवस जुने फोटो होतेच की.

फॅलफ्युरियसच्या आधी चेकपॉइंट लागला होता, तिथे नेहमीचा प्रश्न, सिटिझन? नाही, एच-वन-बी. पासपोर्ट दाखवला. कुत्रा गाडीभोवती फिरला, मागे आइसबॉक्समध्ये रोहीचं मांस होतं. निघा. चाळीस सेकंद लागले असतील.

१४ डिसेंबर, दत्तजयंती

बदल, एकामागून एक :

९४० काढल्या, ८५० परत. पाचही ठिकाणी. कॅमेरा आहे हे दिसलं पाहिजे.

फोटो बोर्डवरच तपासायचा, उभा आकार वाटला तर मॉडेम लगेच उठवायचा आणि लीजच्या ग्रुपवर एकच मेसेज, 'माणूस, भोक अमुक, फायर बंद'. आकार ओळखणारं हे मॉडेल फार हुशार नाही, कुंपणाच्या खांबालाही माणूस म्हणतं, दिवसाला दोन-तीन खोटे येतात. बॅटरीसाठी सेल चाराच्या आठ केल्या, पॅनल दुप्पट.

फीडरपाशी आणि नंबर ४ ला पाण्याचं पिंप, मालकाला लीजवाल्याने विचारलं, मालक हो म्हणाला, झेंडा नको म्हणाला. झेंड्याऐवजी कपोरालने पिंपाच्या बुडाशी पांढरी चुनखडी टाकली, चांदण्यात दिसते.

लीजमधल्या दोघांनी कुरकुर केली. एक म्हणाला आम्ही शिकारीला पैसे भरले, तू प्राणिसंग्रहालय आणि पाणपोई काढलीस. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, त्याने भरलेत पैसे. लीजवाला मात्र त्या रात्रीपासून थर्मल घरीच ठेवतो, कोणाला कारण सांगत नाही.

शेरिफकडे दोनदा फोन केला. हुडीबद्दल काही नाही. सापडली नाही, म्हणजे पोचली असेल असंही आहे.

५ जानेवारी २०२५

तीन आठवड्यांची बेरीज : भोकातून पार गेलेल्या रोही १९, परत फिरलेल्या ३१. डुकरं मोजली नाहीत. माणसं ४ गट, मेसेज चारही वेळा दोन मिनिटांच्या आत, त्यातल्या एकदा खोक्यात माणूस बसलेला होता, तो उतरून ट्रकमध्ये जाऊन बसला. खोटे मेसेज ५२, त्यात ३८ एकाच खांबाचे. खांबाला कपोरालने हिरवं फडकं बांधलं तर ते आणखी बिघडलं, फडकं काढलं.

नंबर ४ च्या कालच्या फोटोत तिघे आहेत. पुढच्याने लाल टिपका बघितला, हाताने डोळे झाकले आणि दुसऱ्या हाताने मागच्यांना खाली बसवलं. मग बराच वेळ कोणी नाही. मग पिंपाचं झाकण उघडं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं नाही, रोही लाल दिव्याला बिचकते एवढंच सांगितलं. त्यांनी तिथेच थांबवलं मला.

"थांब थांब. लाल दिवा दिसला का थे वापस जाते म्हंतो?"

हो बाबा, बऱ्याचशा.

"मंग इतके दिवस काऊन नाही सांगतलं बे? पाठव ना इकडं. साड्याईले कोनी भेत नाही आता."

मामेभाऊ २२ तारखेला नागपूरला चाललाय. काढलेल्या ९४० च्या एलईडी उपयोगाच्या नाहीत, ८५० चे सहा बोर्ड नव्याने जोडायला घेतलेत, धुऱ्यावर लावायला डबे तिकडेच मिळतील. कॅमेरा लावायचा नाही त्यात, नुसता दिवा.